पूल टाकणारा रणगाडा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील माझी वाटचाल’ असा विषय छापलाय. आयोजकांची माफी मागून मी तो थोडा बदलते. मघापासून तिकडे कोपऱ्यातल्या टेबलावर माझी जुनी ओढणी टाकून काहीतरी झाकून ठेवलंय आणि दोघा-तिघांनी ‘केक आहे का गं?’ असं विचारूनही झालंय. तो केक नाही. ती एक गाडी आहे, प्लास्टिकची, लष्करी. मी आज तिच्याबद्दल बोलणार आहे. वाटचाल त्यातच येईल.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. सतरा वर्षं ज्या कंपनीत होते, तिथल्या एका बैठकीत पंधरा मिनिटांत सगळं संपलं. आपल्या ग्रुपवर मी हे कुणालाच सांगितलं नाही. कुणी विचारलं की ‘कामात आहे गं’ असं लिहायची. तुमच्यापैकी काहींनी मुलांच्या नोकरीसाठी माझ्याकडे बायोडाटा पाठवले होते आणि मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, हिला शिंगं फुटली. तसं नव्हतं. द्यायला उत्तरच नव्हतं.

रोज सकाळी ठाण्याची लोकल पकडायची सवय. पहिले पंधरा दिवस मी त्याच वेळेला उठून, आवरून, डबा भरून बसायचे आणि मग आठवायचं की जायचं कुठेच नाही. दिवसभर अर्ज पाठवायचे. संध्याकाळी हात नुसते मांडीवर. अशाच एका संध्याकाळी कपाट आवरताना एक खोका सापडला. काही वर्षांपूर्वी दिराने सिंगापूरहून आणलेला, तामिया कंपनीचा टी-७२ रणगाड्याचा किट. प्रमाण १:३५. म्हणजे खऱ्या गाडीचे साडेतीन सेंटिमीटर ते मॉडेलचा एक मिलिमीटर. ‘वेळ मिळाला की करू’ म्हणून ठेवला होता. आता वेळच वेळ होता.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि चौकटींना सुटे भाग चिकटलेले असतात. एकेक भाग कटरने कापायचा, कापलेल्या जागी पॉलिशपेपर मारायचा, जोडून बघायचा, मग चिकटवायचा. चिकटवायचं द्रावण पाण्यासारखं पातळ असतं. ते डिंकासारखं चिकटत नाही, प्लास्टिकच वितळवून दोन भाग एकजीव करतं. म्हणून घाई चालत नाही, चुकलं तर सोडवता येत नाही. टी-७२ ला एका बाजूला सहा मोठी चाकं आणि वर पट्टा तोलणारी तीन छोटी. खाली चिखलात कुणाला दिसणारही नाहीत असे दांडे. मी सगळे बसवले. सासूबाई दोन दिवस बघत होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “ही कसली भातुकली?” चौथ्या दिवशी चष्मा लावून जमिनीवर पडलेला नटाएवढा तुकडा त्यांनीच शोधून दिला.

आता इथे गोष्टीत दुसरा माणूस येतो. त्याने नाव घ्यायचं नाही अशी तंबी दिली आहे, त्यामुळे मी घेत नाही. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. दहावीनंतर भरतीला गेला, खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये लागला, बावीस वर्षं काढून आला. आता तळोज्याला एका गोदामाची सुरक्षा बघतो. आत्ता तो मान खाली घालून पेढ्याचा कागद घडी करतोय, त्यावरून तुम्ही ओळखलं असेलच.

दर २६ जानेवारीला तो ग्रुपवर संचलनाचा एक फोटो टाकतो. रणगाड्यासारखी गाडी, पण वर बुरूज नाही, तोफ नाही. पाठीवर एकावर एक घडी केलेला लोखंडी पूल. खाली त्याची एकच ओळ: ‘ही आमची.’ आपण सगळे हात जोडल्याचं चित्र टाकून पुढे जातो. माझ्या समोर टी-७२ चा खालचा सांगाडा तयार होता, बुरूज अजून लावायचा होता, आणि त्या दिवशी मला तो फोटो आठवला. ती गाडी म्हणजे बीएलटी टी-७२. सांगाडा ह्याच रणगाड्याचा. पूल पुण्याजवळ दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेत तयार झालेला. उघडल्यावर २० मीटर लांब, ४ मीटर रुंद. रणगाडे अडतील असा नाला किंवा खंदक आला की ही गाडी काठावर येते, पाठीवरचा पूल कात्रीसारखा उघडते आणि पलीकडे टेकवते. आतल्या माणसांना बाहेर यावं लागत नाही.

दुकानात तिचा किट काही मला मिळाला नाही. म्हणजे पूल आपल्या हाताने करायचा. मी हिशेब मांडला. २० मीटर भागिले ३५, म्हणजे ५७ सेंटिमीटर. गाडीच वीस सेंटिमीटरच्या आत आणि पूल तिच्या जवळजवळ तिप्पट. मोजमापं कुठून आणायची? टी-७२ चं चाक ७५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. संचलनाच्या फोटोत चाक पट्टीने मोजायचं आणि त्यावरून बाकी सगळं काढायचं. आपल्या चित्रकलेच्या सरांनी पेन्सिल हातभर लांब धरून डोंगराची उंची मोजायला शिकवली होती ना, तेच.

शेवटी मी त्याला फोन केला. वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही कामासाठी. पहिल्या वाक्यात माझी नोकरी गेली हेही बोलून गेले, का ते मला माहीत नाही. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “बरं. पूल कितीचा करतेयस?” त्या एका प्रश्नाचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, “परेडला जे लोकांना दिसतं तेवढंच सांगेन. बाकी विचारायचं नाही.” तेवढंही पुष्कळ होतं.

मी पहिली चूक केली ती प्लास्टिकची. पनवेलच्या स्टेशनरीच्या दुकानातून पांढरे फोमचे पत्रे आणले, शाळकरी प्रकल्पांना वापरतात ते. आठवडाभर कापून जोडले. ते द्रावण पॉलिस्टायरीन वितळवतं, या पत्र्याला त्याचं काहीच वाटलं नाही. उचलल्याबरोबर पुलाचे तुळईसकट तुकडे. मग पॉलिस्टायरीनचे पत्रे मागवले. त्यात पाऊस सुरू झाला. आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीत आहे, पापड सोडा, टॉवेल वाळत नाही. अशा हवेत रंगाचा फवारा मारला की वर पांढुरकी साय धरते. दोनदा रंग खरवडला. शेवटी रंगवायचं काम उघडीप बघून, तांदळाच्या डब्यात भाग सुकवून केलं.

दुसरी अडचण, पूल उघडला की मधल्या बिजागरीत वाकायचा. त्यात छत्रीच्या मोडक्या काड्या घातल्या. तिसरी अडचण मात्र खरी होती. पूल पुढे उघडला की गाडी नाकावर पडायची. शेपूट वर, पूल खाली. मुलगी हसून लोळायची. दोन दिवस मी हे संगणकावर सोडवायचा प्रयत्न करत होते. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना आवाज कानात आला, “टेकू कुठे आहे ते आधी सांग.”

बाई, तुम्ही समोर बसला आहात. सातवीच्या वर्गातली तरफ. भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा. मी हात पुसून वही घेतली. गाडीच्या पुढे दोन पाय जमिनीवर टेकतात, तो टेकू. पूल भरला १८० ग्रॅम आणि त्याचा मध्य टेकूपासून २८ सेंटिमीटरवर. गुणाकार ५०४०. गाडी २०० ग्रॅमची, तिचा मध्य टेकूमागे १२ सेंटिमीटरवर. गुणाकार २४००. म्हणजे कमी पडले २६४०, त्याला १२ ने भागलं की २२० ग्रॅम. एवढं वजन गाडीच्या पोटात टाकलं की ती तोल धरणार. मासळी बाजाराकडच्या दुकानातून जाळ्याला लावायची शिशाची वजनं आणली आणि ३०० ग्रॅम भरली, थोडं जास्तच, कारण अभियंता बरोबर तेवढ्यावर कधी थांबत नाही. गाडी बसली ती हललीच नाही. खरा टी-७२ चाळीस टनांच्या वर का असतो आणि पुढे पाय का टेकतो, हे मला तेव्हा हाताला कळलं.

या महिन्यांत रात्री झोप यायची नाही. मग मी या गाड्यांचा इतिहास वाचायचे. अभियंत्याला रणगाड्यात का बसवावं लागलं? १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्सच्या दिएप किनाऱ्यावर हल्ला झाला. अडथळे उडवायला आलेले अभियंते उघड्यावर होते, ते कामापर्यंत पोचायच्या आधीच मारले गेले आणि रणगाडे किनाऱ्यावरच अडकले. त्यातून चर्चिल रणगाड्याची अभियंत्यांसाठीची गाडी निघाली. पूल, खड्डा भरायच्या काटक्यांच्या प्रचंड मोळ्या, सगळं नेणारी. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत ग्रे-सुर-मेर गावाजवळ अशी एक गाडी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात घसरून बुडाली. आतल्या सहापैकी चौघे मारले गेले. मागच्या लोकांनी त्या बुडालेल्या गाडीचाच आधार घेऊन तिच्यावरून पूल टाकला आणि फौज त्यावरून गेली. गाडी तिथेच गाडली गेली. १९७६ मध्ये ती उकरून काढली, आज तिथे स्मारक म्हणून उभी आहे.

आणि आपल्या जवळचं उदाहरण तर आपल्याच रस्त्यावर आहे. आपल्या पळस्पे फाट्यावरून जो गोव्याचा रस्ता सुटतो, तो तसाच पुढे गेला की कारवारला आणि मग चेंडिया गावाला जातो. ते सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचं गाव. बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे रणगाडे जायचे होते आणि वाटेत सुरुंग, पाडलेली झाडं, उडवलेल्या मोऱ्या. ८ एप्रिलला तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले, त्यात राणे स्वतः. तरी ते वाट काढत राहिले. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, हातातल्या दोन दोऱ्या ओढून चालकाला ‘थांब’ आणि ‘चल’ अशी खूण करत त्यांनी रणगाडा सुरुंगांतून पुढे नेला, असं सांगतात. त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते जिवंतपणी मिळालेले पहिले मानकरी. मी कितीतरी वेळा त्या रस्त्याने गोव्याला गेले आहे, चेंडियाचं नाव मला ठाऊक नव्हतं. आपल्या मित्राला ते भरतीच्या पहिल्या महिन्यापासून पाठ होतं.

गणपतीत तो बायकोला घेऊन दर्शनाला आला. गाडी जेवणाच्या टेबलावर तयार होती. हिरवी, स्वच्छ, पूल अर्धवट उघडलेला. मी ती कौतुकाने त्याच्यासमोर ठेवली. त्याने हात न लावता चारही बाजूंनी बघितलं. मोदकाची वाटी बाजूला ठेवली आणि विचारलं,

“ही कुठल्या काठावर उभी करणार?”

“अलीकडच्या. पूल टाकताना.”

“आणि पूल उचलणार कोण?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने समजावलं. “पूल टाकला म्हणजे अर्धं काम झालं. सगळे पार झाले की शेवटी हीच गाडी स्वतःच्या पुलावरून पलीकडे जाते. वळते. पलीकडच्या टोकाला जोडून घेते आणि पूल उचलून पाठीवर घेते. नाहीतर पुढच्या नाल्याला काय करशील? पूल काय प्रत्येक नाल्यावर नवा आणणार?” मग बोटाने दाखवलं, “तू जोडणीचे आकडे एकाच टोकाला केलेस. दोन्ही टोकं सारखी पाहिजेत.”

एवढी अभियांत्रिकीची पदवी, एवढे फोटो मोजले, आणि हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी पूल टाकण्याचाच विचार करत होते. दुसरं टोक कापून काढलं आणि नव्याने केलं, बारा दिवस गेले. त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रंग कुठे उडतो ते, पट्टे जिथून चढतात त्या कडांवर, कठड्याला नाही. आणि चिखल कसा बसतो ते. आधी माझी गाडी शोरूममधली वाटायची. आता काम केलेली वाटते.

निघताना दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, “नववीत आपण सिरिंजची क्रेन केली होती, आठवतंय?”

आठवत होतं. न आठवून कसं चालेल? विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याची क्रेन, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून चालणारी. एक दाबली की दुसरी वर जाते, पास्कलचा नियम. या खऱ्या गाडीचा पूलही तेलाच्या दाबावरच उघडतो, तत्त्व तेच. सिरिंज आणि सलाईनच्या नळ्या त्याने आणल्या होत्या, त्याचे काका दवाखान्यात कंपाउंडर होते. गळणाऱ्या नळ्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधायची युक्ती त्याचीच. आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी जाऊन बाईंना सांगितलं की परीक्षकांसमोर तो नको, त्याला नीट बोलता येत नाही, आपला नंबर जाईल. तक्त्यावर मी फक्त माझं नाव लिहिलं. आपला दुसरा नंबर आला. ते प्रशस्तिपत्रक अजून माझ्या फाईलमध्ये आहे. बाई, तुम्हाला मी तेव्हा कारण खोटं सांगितलं होतं, त्याला प्रदर्शनाच्या दिवशी गावाला जायचंय असं. तो त्या दिवशी शाळेतच होता. मागे उभा राहून बघत होता.

दारात मी त्याला म्हटलं, “तेव्हा मी चुकले.” तो म्हणाला, “जाऊ दे गं, नळ्या गळल्या नाहीत ना?” आणि लिफ्टमध्ये गेला. पण ती गोष्ट झाली होती सगळ्या वर्गासमोर. त्यामुळे दारात हळूच बोलून ती फिटत नाही. म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर आणि बाईंसमोर बोलले.

मला नोव्हेंबरमध्ये काम मिळालं. छोटी कंपनी, पगार आधीपेक्षा कमी, पण काम चांगलं आहे. पहिल्याच आठवड्यात तिथल्या तरुण मुलांनी एक नवी प्रणाली दाखवली. छान होती. मी विचारलं, “ही परत उचलायची वेळ आली तर कशी उचलणार?” सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग आम्ही दोन दिवस बसून ते लिहून काढलं. ज्यांचे बायोडाटा माझ्याकडे पडून होते, त्यांना मी आता एकेक करून फोन करते आहे. ज्यांना अजून फोन आला नसेल त्यांनी चहाच्या वेळी मला पकडावं. आणि आपल्यापैकी आत्ता कुणी माझ्यासारखं डबा भरून घरात बसलं असेल, तर ग्रुपवर नको, मला एकटीला फोन करा. मी काही मोठं सांगणार नाही. ‘पूल कितीचा करतोयस?’ एवढंच विचारेन.

आता ती ओढणी काढते. खाली लाकडी फळीवर नाला केलाय, त्यातली माती आपल्या गाढी नदीच्या काठची आहे. गाडी पलीकडच्या काठावर उभी आहे आणि पूल उचलते आहे. फळीला एक छोटी पाटी आहे, तिच्यावर या वेळी दोन नावं आहेत, म्हणजे त्याची तंबी मी पाळलीही आणि मोडलीही. चहाच्या वेळी जरूर या, मुलांनाही दाखवा. हात लावला तरी चालेल, नीट जोडलेली आहे. गाडीबद्दल काही विचारायचं असेल तर त्याला विचारा, मला नाही.